रुग्णाची प्रकृती बिघडते आहे हे वेळेत कसे ओळखावे: वॉर्डमधील परिचारिकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

वॉर्डमधल्या एखाद्या रुग्णाची प्रकृती अचानक ढासळली असे आपण म्हणतो, पण त्याचा केसपेपर मागे उलटून पाहिला तर बहुतेक वेळा श्वासाचा वेग, नाडी, लघवीचे प्रमाण किंवा वागण्याबोलण्यातला फरक काही तास आधीपासून दिसत होता असे आढळते. तो एक तर मोजलाच गेला नव्हता, किंवा मोजून तक्त्यात भरला गेला तरी त्याचा अर्थ कोणी लावला नव्हता. नव्याने रुजू झालेल्या परिचारिका व परिचारक आणि वॉर्डात शिकणारे विद्यार्थी यांच्याकडून या कामात त्याच त्या चुका होतात. श्वास न मोजता अंदाजाने १८ किंवा २० लिहिला जातो, बीपी ठीक आहे म्हणून रुग्ण ठीक आहे असे धरले जाते, आणि डॉक्टरांना फोन केला तरी ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढेच सांगितले जाते. यामागचा मोठा गैरसमज असा की बीपी उतरेपर्यंत धोका नसतो. प्रत्यक्षात रक्तस्राव असो वा जंतुसंसर्ग, बीपी उतरण्याआधी शरीर बराच वेळ झगडत असते, आणि तो झगडा श्वासात, नाडीत, त्वचेवर व जाणिवेत आधी दिसतो.

पुढील टप्पे १६ वर्षांवरील आणि गरोदर नसलेल्या रुग्णांसाठी आहेत; लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांचे आकडे वेगळे असतात व त्यांच्यासाठी वेगळे तक्ते वापरले जातात. औषधांचे डोस जिथे आले आहेत तिथे ते डॉक्टरांच्या आदेशानुसार किंवा आपल्या रुग्णालयाच्या लेखी स्थायी सूचनेनुसारच द्यायचे आहेत.

१. तयारी: ओव्हर घेतानाच अर्धे काम होते

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना आधीच्या परिचारिकेकडून रुग्णांची माहिती ताब्यात घेणे, नर्सिंग स्टेशनवर बसून न घेता शक्य तितका रुग्णाच्या खाटेजवळ घ्यावा. निदान, शस्त्रक्रियेचे नाव आणि चालू औषधे यांची यादी केसपेपरवर असतेच. तोंडी विचारायचे ते केसपेपरवर नसलेले. गेल्या पाळीत या रुग्णात काय बदलले? कोणता रिपोर्ट अजून यायचा आहे? इन्सुलिन, झोपेचे किंवा तीव्र वेदनाशामक इंजेक्शन आणि रक्त पातळ करणारे औषध शेवटचे किती वाजता दिले? रुग्ण उपाशी ठेवला आहे का, आणि असेल तर त्याचे मधुमेहाचे औषध थांबवले आहे का? कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?

त्यानंतर प्रत्येक रुग्णाचा नेहमीचा आकडा स्वतःच्या कागदावर लिहून घ्यावा. उच्च रक्तदाबाच्या ज्या काकांचे बीपी घरी १६० च्या आसपास असते, त्यांचे ११२ हे तक्त्यावर निर्दोष दिसेल, पण त्यांच्यासाठी ती ४० हून अधिक घसरण आहे. हा नेहमीचा आकडा ठाऊक नसेल तर पुढच्या कोणत्याही मोजमापाला आधार राहत नाही.

मग धोका अधिक असलेले रुग्ण वेगळे काढावेत: त्या दिवशी शस्त्रक्रिया झालेले, नुकतेच अतिदक्षता विभागातून बाहेर आलेले, ऑक्सिजनवर असलेले, इन्सुलिनवर असून नीट न जेवणारे, रक्त चढत असलेले, आणि वृद्ध. त्यांची पहिली तपासणी स्वतः करावी, ती विद्यार्थ्यावर सोपवू नये.

पडताळणी: इमर्जन्सी ट्रॉली उघडून पाहिली का? अँब्यू बॅगचा (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा) मास्क जोडलेला आहे का, सक्शन (घशातला स्राव ओढून काढणारे यंत्र) चालू करून ओढ येते का, ऑक्सिजन सिलिंडरमध्ये दाब आहे का, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मुदतीतल्या आहेत का? ट्रॉलीच्या वहीत आधीच्या पाळीची सही आहे हे पुरेसे नाही.

२. पहिली नजर: यंत्र लावण्याआधी रुग्ण पाहावा

खाटेजवळ गेल्यावर हात सरळ बीपीच्या पट्ट्याकडे जातो. तो आवरावा आणि अर्धा मिनिट फक्त रुग्ण पाहावा. क्रम नेहमी एकच ठेवावा, कारण घाईत माणूस जे ठळक दिसते त्याकडे आधी वळतो आणि जे जीव घेऊ शकते ते मागे राहते.

पहिला श्वासमार्ग: रुग्ण बोलतो का, घरघर किंवा घोरल्यासारखा आवाज येतो का? दुसरा श्वास: एका दमात पूर्ण वाक्य बोलता येते का, मानेचे व बरगड्यांमधले स्नायू ओढले जात आहेत का, रुग्ण झोपू न शकता पुढे वाकून बसला आहे का? तिसरे रक्ताभिसरण: हातपाय गार आणि घामट आहेत का, ओठ फिके आहेत का? बोटाच्या टोकावर पाच सेकंद दाब देऊन सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परततो का? चौथी जाणीव: हाक मारल्यावर डोळे उघडून सुसंगत उत्तर येते का? शेवटी चादर बाजूला करून पूर्ण शरीर, ड्रेसिंग, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी), युरोबॅग (लघवीची पिशवी) आणि सलाईनची जागा.

या टप्प्यावर नातेवाइकांचे ऐकणे हा तपासणीचाच भाग आहे. ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरा झालाय’, ‘बाबा आज वेगळेच बोलतायत’ या वाक्यांना वैद्यकीय भाषा नसते, पण रोजचा माणूस बदलला हे सर्वांत आधी त्याच्या घरच्यांनाच कळते. असे कोणी सांगितले की त्या रुग्णाचे सर्व आकडे लगेच नव्याने घ्यावेत, मागची फेरी दहा मिनिटांपूर्वीच झालेली असली तरीही.

सावधान: शांत पडलेला रुग्ण म्हणजे आराम पडलेला रुग्ण असे धरू नये. दम्याच्या रुग्णाची शिटीसारखी घरघर थांबली आणि तो गप्प झाला, तर हवा आत-बाहेर जाण्याचेच थांबत चालले असण्याची शक्यता असते.

३. मोजमाप: कोणता आकडा कसा चुकतो

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजावा. मोजतो आहोत हे रुग्णाला सांगितले की तो श्वास बदलतो, म्हणून मनगट हातात धरून नाडी मोजत असल्याप्रमाणे उभे राहावे आणि नजर छातीवर ठेवावी. वॉर्डात सर्वांत जास्त खोटा लिहिला जाणारा आकडा हाच आहे आणि बिघाड सर्वांत आधी सांगणाराही बहुधा हाच असतो. रक्त कमी झाले, रक्तात आम्ल वाढले, संसर्ग पसरला, फुप्फुसात पाणी साचले, यांपैकी काहीही झाले तरी श्वास वाढतो. २५ किंवा त्याहून अधिक श्वास, अथवा ८ किंवा त्याहून कमी, हे एकटेच डॉक्टरांना बोलावण्यास पुरेसे कारण आहे.

ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन दाखवतो, श्वासासाठी पडणारे कष्ट दाखवत नाही. रुग्ण मिनिटाला ३० श्वास घेऊन ९६ टक्के टिकवत असेल तर तो आकडा समाधानाचा नाही. गार बोटे, नेलपेंट, गडद मेंदी आणि थरथर यांमुळे आकडा चुकतो. यंत्रावरील नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते का हे पाहूनच तो लिहावा. त्यासोबत रुग्ण साध्या हवेवर आहे की किती लिटर ऑक्सिजनवर, हे लिहिले नाही तर त्या नोंदीचा अर्थ लागत नाही.

नाडी मोजताना वेगाइतकेच तिचे भरलेपण व नियमितपणा पाहावा. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्राच्या बीपीवर विसंबू नये, हाताने घ्यावे. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल ही नाडी मंदावणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाची नाडी रक्तस्रावातही फारशी वाढणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

बीपीसाठी पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटे जास्त येते आणि उतरलेले बीपी त्यामागे लपते. वरचा आणि खालचा आकडा यांतले अंतर आवर्जून पाहावे. १२८/८० वरून १०६/८४ झाले तर वरचा आकडा ‘शंभरच्या वर’ असला तरी अंतर ४८ वरून २२ वर आले आहे. रक्तवाहिन्या आवळून शरीर बीपी कसेबसे धरून ठेवत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

जाणिवेची नोंद पाच पायऱ्यांत होते: पूर्ण सावध, नव्याने गोंधळलेला, हाकेला प्रतिसाद देणारा, वेदनेला प्रतिसाद देणारा, आणि प्रतिसाद नसलेला. गोंधळ नवा आहे की जुना हे घरच्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये, आणि ‘वय झाले आहे’ हे कारण कधीही लिहू नये.

लघवीचे प्रमाण तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान अर्धा मिली असावे, म्हणजे ५० किलोच्या रुग्णाला तासाला २५ मिली. कमी दिसल्यास आधी नळी दुमडली किंवा रुग्णाच्या मांडीखाली दबली नाही ना, हे पाहावे. तापमानाबद्दल एवढेच की ३६ अंश सेल्सिअसच्या खालचा आकडाही तापाइतकाच गांभीर्याने घ्यावा.

पडताळणी: सर्व आकडे एकाच वेळचे आहेत का? आठचे बीपी आणि दहाची नाडी शेजारी लिहिली तर दोन्ही निरुपयोगी होतात.

४. अर्थ लावणे: एक आकडा नव्हे, सगळ्यांचा मेळ

अनेक रुग्णालये यासाठी न्यूज-२ (NEWS2) ही बिघाडाचा आगाऊ इशारा देणारी गुणपद्धती वापरतात. श्वास, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावला आहे की नाही, वरचे बीपी, नाडी, जाणीव आणि तापमान या सात गोष्टींना गुण देऊन बेरीज केली जाते. ऑक्सिजन लावला असल्यास २ गुण मिळतात, बाकीच्या सहा बाबींना बिघाडाच्या प्रमाणात ३ पर्यंत. बेरीज ५ किंवा ६ झाली, अथवा एकाच बाबीला ३ गुण मिळाले, तर डॉक्टरांना कळवून निदान दर तासाला मोजमाप करावे. ७ किंवा अधिक झाली तर ती आणीबाणी समजावी.

एक उदाहरण घेऊ. ५५ किलो वजनाच्या ४६ वर्षांच्या रुग्णाचे गर्भाशय दुपारी काढले आहे. संध्याकाळी ७ वाजता श्वास १६, नाडी ८४, बीपी १२८/८०. रात्री साडेनऊला श्वास २६, ऑक्सिजन साध्या हवेवर ९५ टक्के, नाडी १२२, बीपी १०६/८४, तापमान ३६.४, रुग्ण सावध पण अस्वस्थ, मागील दोन तासांत लघवी २० मिली. श्वासाचे ३, ऑक्सिजनचा १, बीपीचा १ आणि नाडीचे २ मिळून ७ गुण होतात. एकट्या बीपीकडे पाहणाऱ्याला यात फक्त १ गुणाचा बिघाड दिसला असता. शिवाय नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा झाला आहे. गुणतक्ता हाताशी नसला तरी ही खूण धोक्याची घंटा मानावी. लघवी दोन तासांत ५५ मिली अपेक्षित असताना २० आहे. पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता येथे सर्वांत आधी मनात यायला हवी.

गुणतक्ता हा किमान पायरी सांगतो. बेरीज ३ आली तरी रुग्ण पाहून काळजी वाटत असेल तर कळवावे. बेरीज कमी आहे म्हणून शंका गिळू नये. पूर्वी घेतलेल्या काकांच्या उदाहरणात ११२ या बीपीला शून्य गुण मिळतात, ही या पद्धतीची मर्यादा आहे.

५. कोणाकडे आधी जावे

परीक्षेत आणि वॉर्डातही हा प्रश्न चुकतो, कारण जो मोठ्याने हाक मारतो त्याच्याकडे पाय आधी वळतात. समजा एकाच वेळी चार निरोप आले: हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी दुखते म्हणून ओरडणारा रुग्ण; टायफॉईडच्या तिसऱ्या दिवशी कालच्याइतकाच ताप असलेला रुग्ण; घाम फुटून हात थरथरणारा मधुमेही; आणि सकाळपासून घरघरणारा, आता गप्प झालेला दम्याचा रुग्ण.

आधी श्वासमार्ग व श्वास, मग रक्ताभिसरण, मग जाणीव. त्यातही नवा बदल जुन्यापेक्षा आधी आणि वाढता त्रास स्थिर त्रासापेक्षा आधी. म्हणून दम्याच्या रुग्णाकडे स्वतः धावावे आणि त्याच क्षणी सहकाऱ्याला मधुमेही रुग्णाची साखर तपासण्यास पाठवावे. ते काम एका मिनिटाचे आहे आणि ते थांबवून चालत नाही. हर्नियाच्या रुग्णाला वेदनाशामक लवकर मिळालेच पाहिजे, पण तिसऱ्या क्रमाने, आणि पोट कडक झालेले नाही हे हाताने पाहून. टायफॉईडचा ताप अपेक्षित आहे. त्या रुग्णाला कोणी तरी ‘येते’ असे सांगून यावे, म्हणजे तो आणि त्याच्या घरचे घाबरत नाहीत.

सावधान: बिघडलेल्या रुग्णाला एकटे सोडून फोन किंवा ट्रॉली आणायला जाऊ नये. वॉर्डात काम करणाऱ्या मावशी, मामा, शेजारच्या खाटेजवळचे नातेवाईक यांपैकी कोणालाही हाक मारून पाठवावे.

६. नेहमीचे प्रसंग आणि पहिली पाच मिनिटे

शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव. ड्रेसिंग कोरडे आहे आणि ड्रेनमध्ये काही नाही, यावरून रक्तस्राव नाही असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक आहे. गुठळीने ड्रेन बंद होतो, आणि जखमेतले रक्त उताराने पाठीखाली जाऊन चादरीत मुरते. म्हणून रुग्णाला हलकेच कुशीवर वळवून खाली हात घालून पाहावे. निरोगी प्रौढ व्यक्तीचे वरचे बीपी एकूण रक्ताच्या जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत टिकू शकते, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या रुग्णाचे सुमारे एक लिटर. प्रसूतीनंतर किंवा योनीमार्गे स्राव होत असल्यास पॅड वजन करून ठेवावेत. कोरड्या पॅडचे वजन वजा केल्यावर उरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली रक्त. बाहेर दिसणाऱ्या जखमेवर घट्ट दाब द्यावा, रुग्णाला आडवे करून पाय उचलावेत, ऑक्सिजन लावावा, जाड व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली नळी) चालू आहे का हे तपासून दुसरा लावण्याची तयारी करावी, रक्तगट व क्रॉसमॅचसाठी (द्यायचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का या तपासणीसाठी) नमुना काढण्याची सोय करावी, पांघरूण घालावे, तोंडाने काहीही देऊ नये. रक्त पातळ करणारे इंजेक्शन देण्याची वेळ झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नये.

साखर उतरणे. घाम, थरथर, भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले की आधी बोटाची साखर तपासावी; बेशुद्ध किंवा अर्धांगवायूसारखी लक्षणे असलेल्या प्रत्येक रुग्णातही हेच. बोट पाण्याने धुऊन कोरडे करावे, कारण बोटाला फळाचा रस किंवा साखर लागलेली असली तर उतरलेली साखर चांगली दिसते. डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचे सलाईन) चालू असलेल्या हाताचे बोट घेऊ नये. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आणि रुग्ण सावध असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे भरून ग्लुकोजची पूड पाण्यात द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजूनही ७० खाली असल्यास तेच पुन्हा. बिस्किट, दूध किंवा चॉकलेट यांनी साखर हळू चढते, म्हणून ते आधी देऊ नये; साखर वर आल्यावर मात्र खायला द्यावे, नाही तर ती पुन्हा उतरते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला घरची साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती पचवणारे विकरच या गोळ्या अडवतात. त्याला ग्लुकोजच हवे.

रुग्ण गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नये. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून देण्याचा आदेश किंवा स्थायी सूचना असते; देण्याआधी शीर नीट चालते का हे सलाईनने पाहावे, कारण ते बाहेर झिरपले तर मांस जळते. ग्लिमेपिराईडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांमुळे उतरलेली साखर एकदा वर आली तरी पुढचे अनेक तास पुन्हा उतरू शकते, मूत्रपिंड अधू असेल तर अधिकच, म्हणून अशा रुग्णाची रात्रभर ठरावीक अंतराने तपासणी करावी.

दम लागणे. रुग्णाला बसते करावे, पाय खाली सोडू द्यावेत, आणि ऑक्सिजन साधनाप्रमाणे लावावा. नाकातल्या नळीला १ ते ४ लिटर, साध्या मास्कला किमान ५ लिटर, कारण त्याहून कमी प्रवाहात सोडलेलाच श्वास मास्कमध्ये राहून पुन्हा आत जातो. पिशवीच्या मास्कला १० ते १५ लिटर, आणि चेहऱ्यावर लावण्याआधी पिशवी फुगलेली असावी. बहुतेक रुग्णांत ९४ ते ९८ टक्के हे लक्ष्य असते. पण वर्षानुवर्षे बिडी ओढलेले आजोबा किंवा चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आजी यांना जुनाट फुप्फुसविकार असेल तर ८८ ते ९२ टक्के पुरतात. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास कार्बन डायऑक्साईड साचून गुंगी येऊ शकते. तरीही असा रुग्ण अत्यवस्थ असेल तर ऑक्सिजन रोखून धरू नये. आधी द्यावा, मग लक्ष्यापर्यंत कमी करत आणावा.

ताप आणि संसर्ग. हुडहुडी भरून ताप, वाढलेला श्वास, उतरती लघवी आणि नवा गोंधळ हे एकत्र दिसले तर पॅरासिटामॉल देऊन थांबू नये. वृद्धांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत ताप येतही नाही, नुसता गोंधळ असतो. संसर्गामुळे रक्ताभिसरण ढासळत असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासात जायला हवे. रक्ताचे कल्चर (जंतू शोधण्यासाठीचा रक्ताचा नमुना) त्याआधी काढावे, पण बाटली मिळत नाही म्हणून औषध अडवू नये.

इंजेक्शनची तीव्र प्रतिक्रिया. अँटिबायोटिक दिल्यानंतर काही मिनिटांत खाज, चेहऱ्यावर सूज, घसा आवळणे, दम किंवा चक्कर आली तर औषध तत्काळ थांबवावे. येथे पहिले औषध ॲड्रेनॅलिन आहे: प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत. एव्हिल (ॲलर्जीचे औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉईड) आधी भरत बसण्याची सवय अनेक ठिकाणी आहे आणि ती घातक आहे, कारण ती दोन्ही औषधे आवळलेला घसा किंवा उतरलेले बीपी वेळेत सावरत नाहीत. रक्त चढत असताना थंडी, पाठदुखी किंवा अस्वस्थता आली तर रक्त थांबवून नवीन सेटने नॉर्मल सलाईन चालू ठेवावे, रुग्णाची ओळख पिशवीशी पुन्हा जुळवावी, आणि पिशवी सेटसह रक्तपेढीसाठी जपून ठेवावी.

सावधान: प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा केवळ आचके आहेत आणि दहा सेकंदांत नाडी लागत नाही, तर वरील सर्व सोडून मदतीची हाक द्यावी आणि छातीदाब सुरू करावा: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास.

७. डॉक्टरांना कळवणे

फोन करण्याआधी केसपेपर, औषधांचा तक्ता आणि ताजे आकडे हातात घ्यावेत. पण आणीबाणीत आकडे पुरे करण्यासाठी फोन लांबवू नये. बोलण्याचा क्रम असा ठेवावा: आत्ता काय झाले, रुग्ण कोण व पार्श्वभूमी काय, मला काय आढळले व काय वाटते, आणि तुमच्याकडून मला काय हवे. वरच्या उदाहरणातला फोन असा होईल:

‘सर, मी स्त्री शल्यचिकित्सा वॉर्डातून स्टाफ नर्स बोलते आहे. बेड नंबर ७ च्या रुग्णाला आतून रक्तस्राव होत असावा असे मला वाटते. वय ४६, आज दुपारी गर्भाशय काढले आहे, ॲलर्जी नाही. सातला नाडी ८४ आणि बीपी १२८/८० होते; आत्ता साडेनऊला नाडी १२२, बीपी १०६/८४, श्वास २६, दोन तासांत लघवी फक्त २० मिली. हातपाय गार आहेत, ड्रेनमध्ये काही नाही. ऑक्सिजन लावला आहे, सलाईन चालू आहे. तुम्ही लगेच येऊन पाहावे. तोपर्यंत क्रॉसमॅचला रक्त पाठवू का, आणि सलाईन कोणत्या वेगाने चालवू?’

शेवटची दोन वाक्ये बहुतेकांकडून राहून जातात. निव्वळ माहिती दिली तर ‘बरं, लक्ष ठेवा’ असे उत्तर येते; मागणी स्पष्ट केली तर हो किंवा नाही द्यावेच लागते. रात्री उठवल्याबद्दल क्षमा मागत सुरुवात करू नये, त्याने निकड हरवते.

तोंडी मिळालेला आदेश लिहून घेऊन परत वाचून दाखवावा: औषधाचे नाव, डोस, मार्ग, वेग. आकडे सुटे सुटे उच्चारावेत, ‘एक, पाच’ असे, म्हणजे १५ चे ५० होत नाहीत. डॉक्टर दहा मिनिटांत आले नाहीत किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर पुन्हा फोन करावा, मग रजिस्ट्रार (वरिष्ठ डॉक्टर), आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), इन्चार्ज सिस्टर या क्रमाने वर जावे. हा कोणाचा अपमान नसतो. रुग्णाच्या बाजूने उभे राहण्याचे हे काम आपलेच आहे.

८. पुन्हा तपासणी आणि नोंद

उपाय केल्यानंतर तो लागू पडला का हे पाहिले नाही तर काम अपुरे राहते. गंभीर रुग्णाचे आकडे दर ५ ते १५ मिनिटांनी घ्यावेत आणि प्रत्येक वेळी मागच्या आकड्याशेजारी ठेवून वाचावेत. ऑक्सिजनवर पातळी सुधारली पण श्वास ३२ च राहिला, तर सुधारणा झालेली नाही. दम्याच्या किंवा थकत चाललेल्या रुग्णाचा श्वास ३४ वरून १४ झाला आणि सोबत गुंगी आली, तर तो सुधारला नसून दमून गेला आहे. ही अवस्था सुधारणा म्हणून लिहिली जाणे फार धोकादायक असते.

नोंदीत वेळ, आढळलेले आकडे, स्वतः केलेली कृती, कोणाला किती वाजता कळवले, काय आदेश मिळाला आणि त्यानंतर रुग्ण कसा होता, एवढे याच क्रमाने यावे. न उचललेला फोनही वेळेसह लिहावा. ‘प्रकृती ठीक’ अशी वाक्ये टाळावीत, आणि मागच्या रकान्यातले आकडे पुढे उतरवणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. उशिरा नोंद करावी लागली तर ती उशिराची आहे हे स्पष्ट लिहून घटनेची खरी वेळ द्यावी.

नातेवाइकांना याच काळात एकदा तरी जाऊन सांगावे: काय बदलले आहे, डॉक्टरांना कळवले आहे, आणि आत्ता काय चालले आहे. निदान किंवा पुढचे भाकीत डॉक्टरांनी सांगायचे आहे. पाळी संपताना अशा रुग्णाचा ओव्हर खाटेजवळच द्यावा, पुढचे मोजमाप किती वाजता आहे व कोणता आकडा आल्यास पुन्हा फोन करायचा आहे हे तोंडी आणि लेखी दोन्ही सांगावे, आणि पुढच्या परिचारिकेने आपल्यासमोर एकदा आकडे घेतल्यावरच वॉर्ड सोडावा.